साचा पाडायच्या आधी सर्जनला विचारलं की काय होतं: ५ मिमीचा लॅप नीडल होल्डर, आठ महिने वापरून

आठ महिने झाले वापरतेय, आता लिहायला हरकत नाही. वस्तू आहे लॅप्रोस्कोपीचा नीडल होल्डर, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटाच्या आत टाके घालताना सुई ज्यात पकडतो तो. ५ मिमी जाडीचा, ३३ सेमी लांब, सरळ हँडलचा, जबड्यांना आतून टंगस्टन कार्बाईडच्या, म्हणजे स्टीलपेक्षाही कडक पदार्थाच्या पट्ट्या. भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपने बनवलाय. नाव टाकत नाहीये, त्यांचं वितरण अजून नीट बसलेलं नाही आणि मला कोणाची जाहिरात करायची नाहीये. मला सांगायचंय ते हा बनला कसा ते, कारण माझ्या मते तो चांगला झालाय तो स्टीलमुळे नाही, कधी विचारलं त्यामुळे झालाय.

आधी हिशेब सांगून टाकते. पहिला नमुना त्यांनी दिला, नंतरचे दोन मी माझ्या पैशाने घेतले, फी नाही रॉयल्टी नाही, एकदा पुण्याला जायचं पेट्रोल त्यांनी भरलं तेवढंच.

मी जनरल सर्जन, सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी वीस बेडचं हॉस्पिटल आहे आमचं. पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया, कधी मध्यरात्री अल्सर फुटलेला पेशंट. माझ्या ग्लोव्हचा नंबर ६. हे मुद्दाम सांगतेय कारण पुढची सगळी गोष्ट या नंबरावर उभी आहे. २००४ मध्ये ७२६ लॅप्रोस्कोपिक सर्जनांचा एक सर्व्हे छापून आला होता, त्यात ६.५ किंवा त्याहून लहान ग्लोव्ह घालणाऱ्यांना ही हत्यारं वापरताना बाकीच्यांपेक्षा जास्त त्रास होतो हे स्पष्ट दिसलं होतं. मी तो पेपर वाचला तेव्हा प्रॅक्टिसला बरीच वर्षं झाली होती आणि तोवर मला वाटायचं की माझाच हात कमी पडतो. लांब ऑपरेशन झालं की अंगठ्याच्या कडेला मुंग्या यायच्या, कधी कधी रात्री भाकरी थापताना जाणवायचं की तिथली कातडी बधिर आहे. हँडलच्या ज्या रिंगमध्ये अंगठा घालतो ती तिथल्या नसेवर दाबत असते. हे सर्जन लोकांमध्ये माहितीचं दुखणं आहे पण बोलत कोणी नाही.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीने मला आणि अजून दहाबारा सर्जनांना हॉटेलात बोलावलं होतं, नवीन हँडल दाखवायला. छान चकाचक वस्तू, मखमलीच्या पेटीत. हातात घेतलं आणि लगेच कळलं की रिंग मोठी आहे आणि रॅचेट, म्हणजे जबडा आवळलेला ठेवणारं दातेरी कुलूप, सोडायचा खटका माझ्या बोटाच्या पल्ल्याबाहेर आहे. मी सांगितलं. समोरचा मुलगा फार नम्र होता, म्हणाला, मॅडम तुमचं बरोबर आहे पण साचा पडलाय. मग एक फॉर्म दिला, एक ते पाच मार्क द्यायचे, दिसायला कसं, वजन कसं, कंपनीबद्दल मत काय. जेवण चांगलं होतं. ते हँडल तसंच बाजारात आलं.

"साचा पडलाय" हे वाक्य मला कितीतरी दिवस छळत होतं. इंजेक्शन मोल्डिंगचा, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबून भरायचा साचा लाखांत जातो, एकदा तो कापला की रिंग दोन मिलिमीटरने लहान करायची म्हणजे जवळजवळ नव्याने सुरुवात. हेच दोन मिलिमीटर वस्तू लाकडाची असताना कानशीने दोन मिनिटांत निघतात. त्यामुळे सर्जनला विचारलं का यापेक्षा कधी विचारलं हे महत्त्वाचं. साच्यानंतर जे विचारतात त्यांना फक्त शाबासकी हवी असते.

आता या भोसरीवाल्यांबद्दल. वर्कशॉपचे मालक साठीच्या पुढचे आहेत, मी त्यांना काकाच म्हणते, आयुष्यभर गाड्यांचे सुटे भाग केले आणि मग स्वतःच्या बायपासनंतर डोक्यात घेतलं की ऑपरेशनची हत्यारं करायची. सोबत दोन तरुण इंजिनिअर, एक मुलगी लातूरकडची, एक मुलगा सांगलीचा. ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा एका बाजाराच्या पिशवीत पाच सहा लाकडी दांडे आणि लहान मुलांची रंगीत क्ले घेऊन आले होते, बाकी काही नाही. काका म्हणाले, डॉक्टर, आमच्याकडे अजून काही नाहीये, म्हणूनच आलोय. मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशीची ओपीडी तासभर पुढे ढकलली.

क्ले हातात दिली आणि म्हणाले टाका घालताय असं समजून मूठ आवळा. मी आवळली. बोटांचे ठसे उठले, त्याच्या बाजूला माझ्या जोडीदार सर्जनचे ठसे, त्यांचा ग्लोव्ह ८ नंबरचा. दोन्ही गोळे शेजारी ठेवले तेव्हा सांगलीचा मुलगा गप्पच झाला. एकाच हत्यारावर हे दोन हात चालायचेत.

मला विचारलं अडचण काय, मी ठामपणे सांगितलं की पकड कमी पडते, सुई जबड्यात फिरते, जबडा जास्त आवळणारा करा. लातूरच्या मुलीने लिहून घेतलं आणि म्हणाली मॅडम एकदा ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, उभं राहून बघता येईल का. पेशंटची लेखी परवानगी घेतली, ती दोन ऑपरेशन्सना उभी राहिली आणि तिने मॉनिटरकडे बघितलंच नाही. सगळी दुनिया मॉनिटर बघते, ही माझे हात बघत होती आणि मोबाईलवर फक्त हातांचा व्हिडिओ घेत होती. नंतर चहा घेताना तिने तो हळू करून दाखवला. प्रत्येक टाक्याला रॅचेट सोडताना माझं बोट खटक्यापर्यंत पोचत नव्हतं, म्हणून मनगट जरासं आत वळत होतं, आणि पोर्टपाशी, म्हणजे पोटावरच्या छोट्या छेदातल्या नळीपाशी, दांडा टेकलेला असतो त्यामुळे हाताची प्रत्येक हालचाल आत उलटी आणि कधी कधी मोठी होऊन जाते, तर मनगटाच्या त्या एवढ्याशा वळण्याने आत सुई तिरकी होत होती. पकड उत्तम होती. मी सतरा वर्षं चुकीचं कारण सांगत होते! त्यांनी माझं ऐकून जबडा जास्त आवळणारा केला असता तर सुई वाकली असती, धागा तुटला असता आणि मूळ दुखणं तिथंच राहिलं असतं.

म्हणून सर्जनला सोबत घ्या म्हणजे नुसतं सर्जनला विचारा असं नाही. आम्हाला काय खुपतं ते आम्ही सांगतो, पण ते का खुपतं हे बऱ्याचदा आमच्या हाताला माहीत असतं आणि तोंडाला नसतं. इंजिनिअरने ओटीत उभं राहायला पाहिजे, कपडे बदलून, टोपी मास्क घालून, तीन तास.

मग पाच महिने नमुने येत राहिले. लाकडाचे, मग थ्रीडी प्रिंटचे, एक तर नुसताच दांडा आणि त्याला रबरबँडने बांधलेला खटका. हे सगळं ट्रेनर बॉक्सवर, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनचा सराव करायच्या पेटीत, फोमच्या आणि बाजारातून आणलेल्या कोंबडीच्या कातडीवर टाके घालून, पेशंटच्या जवळपासही नाही. पेशंटवर वापरला तो परवाना झाल्यावरच. हे स्पष्ट लिहितेय कारण उत्साहाच्या भरात लोक नमुनाच ऑपरेशनला नेतात असं मी ऐकलंय आणि ते अजिबात करू नये.

चौथ्या नमुन्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. तोपर्यंत हँडल इतकं छान जमलं होतं की मी म्हणाले झालं, आता हाच करा. काकांनी विचारलं, हे धुतं कोण? आमच्या ओटीच्या मावशी धुतात, वीस वर्षं धुतायत. त्यांना बोलावलं. मावशींनी तो हातात घेतला, उघडझाप केली, नखाने जबड्याच्या मागच्या खाचेत खरवडलं आणि म्हणाल्या, बाई, हितं रगत अडकणार, माझा ब्रश जात न्हाई हितं. आम्ही तिथंच सलाईनमध्ये रंग कालवून वाळवून बघितलं, ब्रशने घासलं, आणि खरंच त्या खाचेत रंगाची बारीक रेघ राहिली. अशी राहिलेली रेघ म्हणजे रक्त, आणि रक्ताचा थर असला की त्याच्याखाली वाफ पोचत नाही, मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने जंतू मारायचं यंत्र, १२१ डिग्रीला लावा नाहीतर १३४ ला. सगळे जंतुसंसर्गाबद्दल सेमिनार घेतात आणि ती खाच मावशींच्या नखाने सापडली. पुढच्या नमुन्यात ती जागा उघडी केली आणि दांड्याला पाणी मारायला तोंड दिलं. माझ्या मते या संपूर्ण वस्तूतला सगळ्यात मोलाचा बदल हा, आणि तो माझा नाहीये.

आता वापराबद्दल, कारण शेवटी रिव्ह्यू आहे. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रं आणि २० शस्त्रं सांगितलीत हे सगळ्यांना माहीत असतं, पण यंत्रांच्या अध्यायात त्यांचे बारा दोषही दिलेत हे फार जणांनी वाचलेलं नसतं. फार जाड, फार लांब, फार आखूड, न पकडणारं, वेडंवाकडं पकडणारं, ढिलं, कमकुवत खिळ्याचं अशी ती यादी आहे. अग्राही, विषमग्राही, मृदुकील हे शब्द मी आमच्या रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर मुलांना तोंडपाठ करायला लावते, कारण आजही हत्यार खराब होतं ते याच कारणांनी होतं. आणि सगळ्या यंत्रांत कंकमुख श्रेष्ठ असं म्हटलंय, कंक पक्ष्याच्या चोचीसारखं, का तर ते सहज आत जातं, सहज बाहेर येतं आणि धरलेलं सोडत नाही. हे लिहिणाऱ्याने हत्यार स्वतः हातात धरलं होतं हे लगेच कळतं. आणि सगळ्यात मुख्य यंत्र हात असंही तिथंच सांगितलंय.

तर त्या यादीने बघायचं झालं तर पकड एकसारखी आहे, ३-० ची सुई असो नाहीतर त्याहून जाड धाग्याची २-० ची, फिरत नाही. रॅचेटचा खटका आता तर्जनीच्या पेराखाली येतो, मनगट न हलवता सुटतो. अंगठ्याची रिंगच काढून टाकलीय, तळहातात बसणारा सरळ दांडा आहे, त्यामुळे मुंग्या येणं जवळजवळ बंद. आठ महिन्यांत खिळा ढिला झालेला नाही, आम्ही आठवड्याला सहासात वेळा तरी ऑटोक्लेव्ह करतो.

सगळ्यात जास्त फरक पडला तो हर्नियात. दुर्बिणीने हर्निया करताना जाळी बसवली की वरचा पडदा परत बंद करायचा असतो, तो टॅकरने, म्हणजे आत बारीक पिना मारणाऱ्या साधनाने, करता येतो किंवा टाक्यांनी. टॅकर हजारो रुपयांचा, एकदाच वापरायचा, आणि त्याचं बिल ऊसतोड कामगाराच्या माथी. टाके घातले तर धाग्याचा खर्च. पण हात अवघडून येतो म्हणून आधी मी कधी कधी टॅकर मागवायचे, खरं सांगते. आता या आठ महिन्यांत एकदाही मागवला नाही. हँडलच्या आकाराचा पेशंटच्या बिलाशी असा थेट संबंध असतो हे मलाही आधी इतकं लख्ख दिसलं नव्हतं.

ज्यांना वाटतं की सर्जनने डिझाइनमध्ये लुडबुड कशाला, त्यांनी ऑपरेशनचा कुठलाही ट्रे बघावा. कोकर, केली, अ‍ॅलिस, बॅबकॉक, मेयो, मेट्झेनबॉम, डिबेकी, सगळी सर्जनांची नावं. कोकर म्हणजे तोच ज्याला १९०९ चं नोबेल मिळालं. थॉमस फोगार्टीने रक्तवाहिनीतली गुठळी ओढून काढायचा फुग्याचा कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, बनवला तो शिकत असताना, ग्लोव्हच्या बोटाचं टोक कापून मासे पकडायच्या गळाला जशी माशी बांधतात तसं दोऱ्याने कॅथेटरला बांधून. कंपन्या आधी घ्यायला तयार नव्हत्या. कुर्ट झेम हे कीलचे स्त्रीरोगतज्ज्ञ, त्यांनी आत जागा व्हावी म्हणून पोटात गॅस भरायचं यंत्र आणि कितीतरी हत्यारं स्वतः घडवली आणि १९८० मध्ये दुर्बिणीने अपेंडिक्स काढून दाखवलं. आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईत जेजेमध्ये डॉ. उडवाडियांनी दुर्बिणीने पित्ताशय काढलं तेव्हाही हत्यारं बहुतेक बाहेरूनच येत होती, आणि आम्ही अजून बऱ्याच प्रमाणात परदेशी हातांच्या मापाची हत्यारं वापरतो.

आणि सर्जन म्हणजे कुठला सर्जन हाही प्रश्न आहे. कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या मोठ्या नावालाच विचारलं तर त्याच्याकडे सगळं आहे, त्याला आमची अडचण सुचणार नाही. आपल्या धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला डॉ. टोणगावकरांनी हर्नियाच्या महाग जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं, इतर ठिकाणच्या सर्जनांना सोबत घेऊन त्याचा अभ्यास २००३ मध्ये छापला, आणि नंतर जगात इतर देशांतही ते वापरलं गेलं. ती गरज दोंडाईच्यातच दिसते. तसंच लीड्स विद्यापीठाच्या इंजिनिअर लोकांनी भारतातल्या ग्रामीण सर्जनांसोबत बसून गॅस न भरता पोटाची भिंत वर उचलून धरणारं साधन बनवलं, त्यामुळे पूर्ण बेशुद्ध न करता पाठीच्या मणक्यात स्पायनल भूल देऊन दुर्बिणीचं ऑपरेशन होऊ शकतं. जिथं गॅसचा सिलिंडर वेळेवर येत नाही आणि भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावाहून येतो तिथल्या माणसालाच असं काहीतरी लागतं. आयआयटी मुंबईत २०१४ पासून बेटिक नावाचं केंद्र आहे, नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि पुण्याच्या सीओईपीतही त्याची शाखा, तिथं डॉक्टर अडचण घेऊन जातात आणि इंजिनिअर सोबत बसून त्यावर काम करतात. ज्या तरुण सर्जनांच्या डोक्यात काही कल्पना आहे त्यांनी तिकडे जरूर जावं, खिशात कागदावर चित्र काढून ठेवून उपयोग नाही.

आता काय आवडलं नाही. वेळ फार लागला, सांगितले होते सहा महिने, लागले चौदा. या पद्धतीत तसं होणारच, प्रत्येक नमुना सहा सर्जनांकडे फिरत होता, एक लातूरला एक नगरला, पण वितरकाने तारखा देताना ते सांगायला हवं होतं. वजन थोडं मागच्या बाजूला जास्त आहे, पहिल्या आठवड्यात टोक वर उचललं जातं असं वाटतं, मग सवय होते. हँडलवरचा निळा रंग चारपाच महिन्यांतच पांढुरका पडला, कामात फरक नाही पण सिस्टरांना रंगावरून हत्यार ओळखायची सवय असते, त्या गोंधळतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, डावखुऱ्यांसाठी खटका बरोबर बसत नाही. सहा जणांत एकही डावखुरा नव्हता! हे मी स्वतः यादी बघून विचारायला हवं होतं, मीही लक्ष दिलं नाही. आमच्याकडे येणारी एक रेसिडेंट डावखुरी आहे, तिने पाच मिनिटांत सांगितलं की मॅडम हा माझ्यासाठी नाहीये. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं जे त्या हॉटेलात माझ्या चेहऱ्यावर असणार.

काकांना फोन करून सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, दोनच प्रश्न विचारले, ती कुठं राहते आणि तिला सुट्टी कधी असते. हँडल दोन भागांत केलेलं असल्यामुळे खटक्याचा तुकडा वेगळा निघतो, उलट्या बाजूचा करून बघतोय म्हणाले, अजून आलेला नाही, आला की इथंच लिहीन. तोपर्यंत डावखुऱ्या लोकांनी घेऊ नये.

किंमत इम्पोर्टेडच्या निम्म्याहून कमी पडली मला. दुरुस्ती भोसरीतच होते, एकदा स्प्रिंग बदलायला पाठवला तर एसटीच्या पार्सलने चौथ्या दिवशी परत. आधी असं काही बिघडलं की हत्यार महिनोन्महिने कुठंतरी पडून राहायचं आणि आम्ही जुनं, घासलेलं वापरत बसायचो.

ज्यांचा ग्लोव्ह ६ ते ७ आहे, विशेषतः आमच्या सगळ्या लेडी सर्जन, त्यांनी हा एकदा तरी हातात धरून बघा, फक्त ट्रेनर बॉक्सवर दहा टाके घालून मगच ठरवा, हॉटेलच्या टेबलावर नाही. ८ नंबरवाल्या माझ्या जोडीदारांना पण आवडलाय, पण ते म्हणतात त्यांना जुनाही चालत होता, आणि ते खरंच आहे.

आता ते आतडं धरायचा ग्रास्पर करायला घेतायत. परवा लातूरच्या मुलीचा फोन आला, म्हणाली मॅडम अजून काहीच नाहीये, कागदावर पण नाही, कधी येऊ? मी म्हणाले गुरुवारी ये, दोन हर्निया आणि एक अपेंडिक्स लावलंय. म्हणाली मावशी असतील ना त्या दिवशी? मावशींना विचारलं, त्यांनी सुट्टी टाकली होती भाचीच्या साखरपुड्याची, पण म्हणाल्या सकाळी अकरापर्यंत थांबते, पोरीला सांगा लवकर ये.